चौथा कोपरा

डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. इतकी इवलीशी, की एका टोकाला बाळ शिंकलं तर दुसऱ्या टोकाची म्हातारी ‘शतंजीव’ म्हणायची. त्या वाडीच्या अगदी कडेला, जिथं पायवाट संपते आणि रान सुरू होतं, तिथं एक घर होतं. घराला कौलं कमी आणि फटी जास्त. पण घरामागं मेंदीच्या कुंपणाची एक चिमुकली बाग होती. तिच्यात लालचुटूक कर्दळ होती, निळीनिळी गोकर्ण होती आणि मधोमध एक सोनचाफा होता. तो फुलला की वाटेनं जाणारा माणूस आपण कुठं निघालो होतो तेच विसरायचा.

या घरात सगुणा राहायची. सगळे तिला सगू म्हणत.

सगूची आई गोधड्या शिवायची, आणि कशा शिवायची! जुनेरं तिच्या मांडीवर यायची ती विटलेली, फाटलेली, रडवेली, आणि जायची ती हसत. कुणाच्या लुगड्याचा डाळिंबी काठ, कुणाच्या फेट्याचं गुलाबी टोक, कुणाच्या झबल्यावरचा पिटुकला पोपट, सगळे तिथं शेजारी शेजारी नांदायचे. आईची सुई चालायला लागली की टाके कसे, मुंग्यांची रांग निघाल्यासारखे एकामागून एक चालायचे.

घरातल्या बाकीच्यांचेही नाद होते बरं का. सगूचे आप्पा दिवसभर लोकांच्या शेतात राबायचे आणि संध्याकाळी ओसरीवर बसून पावा वाजवायचे. किती वर्षं झाली, त्यांचा शेवटचा सूर काही जागेवर लागत नव्हता. तो सूर आला की शेळी रवंथ थांबवून त्यांच्याकडं बघत बसायची. धाकट्या बकुळेला बिया जमवायचा नाद होता. चिंचोके, सागरगोटे, लालकाळ्या गुंजा, जे सापडेल ते तिच्या डब्यात जायचं. आणि सगू उरल्यासुरल्या चिंध्यांची चिमणी-पाखरं करायची, बोटाच्या पेराएवढी. ती दारावर टांगली की वाऱ्यानं भुर्र भुर्र हलायची.

असं सगळं छान चाललं होतं. मग एक दिवस विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून आईचा पाय सटकला. कळशी वाचली, पण आईचा उजवा हात तिच्याखाली चेंगरला.

हाडवैद्यांनी हात बसवला, लेप लावला, पट्टी बांधली. सूज उतरली. पण बोटं मिटेनात. सुई धरायची तर चिमूट वळायला हवी, आणि आईची चिमूटच वळत नव्हती. चुलीवर भाकरीच्या जागी पातळ पेज दिसायला लागली. आई हसून म्हणायची, “पेज पोटाला हलकी असती गं.” पण एकदा सगूनं दाराआडून तिचं बोलणं ऐकलं. आई आप्पांना हळूच सांगत होती, “माझी चिमूट आता वळायची न्हाई, मला कळलंय. पोरींना सांगू नका.”

सगू परसात गेली आणि सोनचाफ्याच्या बुंध्याला टेकून रड रड रडली. तिला एकच गोष्ट हवी होती. आईचा हात.

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं, कारण काम वाट बघत होतं.

काम होतं सारजाकाकूंचं. वाडीतल्या कुंभाराच्या घरच्या या काकू. त्यांना नात झाली होती. वेळेआधीच आलेली, मुठीएवढ्या तोंडाची, दुधावरच्या सायीसारखी नाजूक. म्हणून बारसं जरा लांबवलं होतं. तेव्हा पाळण्यात घालायला तिला गोधडी हवी होती, आणि काकूंनी कापडं आणून दिली होती ती आई पडायच्या आदल्या दिवशी.

“मी शिवते,” सगू आईला म्हणाली. “तू सांग, मी शिवते.”

आता बाळाच्या गोधडीची एक रीत त्या घरात आईच्या आईपासून चालत आली होती. तिचा एक कोपरा असायचा आजीच्या लुगड्याचा, एक आत्याच्या चोळीचा, एक बाळाच्या आईच्या साडीचा. आणि चौथा कोपरा शिवणारीचा. शिवणारीनं तो स्वतःच्या अंगावरच्या कपड्यातून द्यायचा. शिवण सुरू व्हायची तीच या चौथ्या कोपऱ्यापासून. तिथून टाके कडेकडेनं निघायचे, गोल गोल फिरत आत आत यायचे आणि अगदी मधोमध येऊन थांबायचे. जाता जाता एकेक तुकडा लावायचा, आधीच्यावर नंतरचा चढवायचा.

“आणि ध्यानात ठेव,” आई म्हणाली होती, “लोकांचं कापड कधी कापायचं न्हाई. मोठं झालं तर दुमडायचं. कापायचं ते आपलं.”

सगूपाशी कापण्याजोगं एकच कापड होतं, तिचा परकर. पिवळाधमक, हळदीत बुडवून काढल्यासारखा, खाली हिरवागार काठ. आईनं स्वतःच्या लग्नातल्या साडीतून तो शिवला होता. बाकीचे दिवस सगू ठिगळांचा झगा घालायची, हा परकर फक्त सणाला. तिनं तो पेटीतून काढला, बागेत नेला, कात्री उघडली. आणि मिटली. पुन्हा उघडली. पुन्हा मिटली. तुम्हीच सांगा, सोपं असतं का असं?

तेवढ्यात तिला मेंदीच्या कुंपणावर काहीतरी चमकताना दिसलं.

एक तुकडा होता, तळहाताएवढा. मोराच्या गळ्याचा निळा, कैरीचा हिरवा, आणि जरा हलवला की मधाचा सोनेरी! इतका मऊ, की बोटांना लागतोय की नाही तेच कळेना. गोधडीवालीच्या लेकीची नजर ती! रस्त्यात रुपया पडला असता तर कदाचित दिसला नसता, पण चिंधी बरोबर दिसते. वाऱ्यानं आली असेल कुणाची तरी, असं सगूनं स्वतःला सांगितलं. परकर घडी घालून पेटीत गेला आणि तो चमचमता तुकडा चौथ्या कोपऱ्यात बसला.

तो कोपऱ्याला दुपटीनं मोठा होत होता. कात्री हाताशीच होती. पण आईचं बोलणं सगूच्या कानात होतं, म्हणून तिनं तो कापला नाही. मधोमध दुमडला आणि पहिला टाका घातला. मग त्याच्या वर दुसरा तुकडा चढला, दुसऱ्यावर तिसरा, आणि त्या चकाकीचं नुसतं टोक तेवढं बाहेर उरलं.

“चौथा कोपरा दिलास न्हवं?” आईनं आतून विचारलं.

“दिला,” सगू म्हणाली. पण तिनं मान वर केली नाही.

बरेच दिवस सगू शिवत राहिली. बोटं टोचून घेतली, टाके वाकडे आले ते पुन्हा घातले. शेवटी बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी मधला बारीकसा चौकोन तेवढा शिवायचा राहिला. दोरा ओवायला उजेड हवा म्हणून सगू बागेत आली, आणि तिला कुणाचं तरी मुसमुसणं ऐकू आलं. अगदी बारीक. काचेची बांगडी काचेच्या बांगडीला लागावी तसं.

कर्दळीच्या पानाखाली एक परी बसली होती.

मक्याच्या कणसाएवढी तर होती! अंगात दवाच्या थेंबांची चोळी, गोकर्णीच्या पाकळ्यांचं नेसूचं, केसात जाईची कळी. तिचं नाव इतकं लांबलचक होतं, की ते सांगता सांगता दिवस मावळला असता, म्हणून आपण तिला परीच म्हणू. तिच्या पाठीवर एक पंख होता. मोराच्या गळ्याचा निळा, कैरीचा हिरवा. एकच होता.

सगूच्या हातातली सुई खाली पडली.

“तू... तू का रडतेस?” तिनं विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर माहीत होतं.

“माझा पंख हरवलाय गं,” परी म्हणाली. “मी दोन्ही पंख दवात धुतले आणि त्या मेंदीवर वाळत घातले. जराशी डुलकी लागली, उठून बघते तर एकच. फुलपाखरांना विचारलं, मुंग्यांना विचारलं. एका पंखानं उडायला गेले तर नुसती गोल गोल फिरते.”

पऱ्यांनासुद्धा धुणं वाळत घालावं लागतं, हे आपल्याला कुणी आधी सांगितलेलं नसतं. सगूला तरी कुठून कळणार?

“आणि आज नाही मिळाला तर?” सगूनं विचारलं.

“इतके दिवस तो पाठीपासून सुटलाय, आज सूर्य मावळला की त्याची चमक विझेल. मग तो पंख राहणार नाही, नुसती चिंधी होईल. आणि मी इथंच राहीन, या पानाखाली.” परीनं डोळे पुसले. “जो कुणी तो आणून देईल त्याची एक इच्छा मी पुरी करीन. पण नियम आहेत हं. इच्छा एकच मागायची. स्वतःसाठी मागायची नाही. आणि जे हातांनी करता येतं, ते मागायचं नाही, कारण त्यासाठी हात दिलेत ना तुम्हाला.”

सगूनं पडलेली सुई उचलली. ती धावत घरात गेली आणि गोधडीपुढं बसली.

काय सुरेख झाली होती ती! वाकड्या टाक्यांसकट सुरेख. आणि उद्या बारसं. चमकतं टोक कोपऱ्यातून डोकावत होतं. कुणाला कळणार होतं? परीनं तिच्यावर संशयसुद्धा घेतला नव्हता. गप्प बसलं की झालं. आणि सगूला एकदम वाटलं, ती परी आत्तासुद्धा त्या पानाखाली बसलीय, माझी आई खाटेवर बसते तशी, आपल्या निकामी झालेल्या अंगाकडं बघत.

“आई,” ती म्हणाली, “मी चौथा कोपरा माझ्या परकराचा न्हाई दिला. मला जिवावर आलं. कुंपणावर सापडलेला तुकडा लावला. आणि जिचा हाय ती आता मागायला आलीय.”

“कोण आलीय?”

“परी.”

आई हसली नाही. 

“कुणी का असंना,” ती म्हणाली, “न विचारता घेतलेलं कापड लेकराच्या अंगावर घालायचं न्हाई आपण. उसव.”

“पण सगळी उसवावी लागंल! तो तुकडा सगळ्यात खाली हाय!”

“ते तर हायेच. खालचा काढायचा तर वरचे सगळे निघाले पायजेत.” आईनं डाव्या हातानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “दोरा तोडू नगंस. नीट काढ, परत कामाला येतो. अन् रडायचं तर रड, पण हात चालू ठेव.”

सगू मधल्या टाक्यापासून उसवायला लागली. बाभळीच्या काट्यानं एकेक टाका उचलायचा, हळूच ओढायचा, की पुढचा. जे घालायला इतके दिवस लागले होते ते सर्रकन निघायला लागलं, आणि ते बघवत नव्हतं. बकुळा शेजारी येऊन बसली. तिनं डब्यातला सगळ्यात मोठा, सगळ्यात गुळगुळीत सागरगोटा काढला आणि निघालेला दोरा त्याच्यावर गुंडाळायला लागली. आप्पा शेतावरून आले, त्यांनी काय ते ओळखलं, आणि काही न विचारता पावा घेऊन ओसरीवर बसले. ते वाजवत राहिले, सगू उसवत राहिली. शेवटचा सूर आला की दोघी बहिणी न ठरवता एकदमच तोंड वाकडं करायच्या, आणि मग सगूला रडता रडता हसू यायचं.

ऊन पिवळं झालं, मग केशरी. शेवटचा टाका निघाला आणि तो तुकडा मोकळा झाला. त्याची चमक मंद झाली होती, विझत आलेल्या पणतीएवढी. पण तो सगळाच्या सगळा होता. मधोमध दुमडीची एक रेघ उठली होती, तेवढीच.

सगू तो घेऊन उठणार, एवढ्यात दारात सारजाकाकू उभ्या राहिल्या. धापा टाकत होत्या.

“सगू, झाली का गं बाय गोधडी? उद्याचं उद्या, पर मला आजच दे. लेकराचं पाय गारगार पडल्यात. शेक दिला, तळवं चोळून चोळून माझं हात दुखाया लागलं, पर ऊब टिकतच न्हाई बघ अंगात. दूदबी ओढंना.”

मग त्यांना जमिनीवर पसरलेले तुकडे दिसले.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या नुसत्या उंबऱ्यावर टेकल्या. “ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “तुझ्या आईचा हात असा, त्यात तू एवढीशी पोर. माझंच चुकलं.” आणि पदर सावरत त्या निघून गेल्या.

सगू परसात धावली. तिनं पंख परीच्या हातात ठेवला.

“मीच घेतला होता,” ती म्हणाली. “मला चिंधी वाटली. माझं कापड वाचावं म्हणून मी तुझं घेतलं.”

परीनं पंख उलगडला. उजेडाला धरला. बोटानं दुमडीच्या रेघेवरून फिरवलं, आणि तिच्या इवल्याशा चेहऱ्यावर हसू फुललं. “तू कापला नाहीस! याला कात्री लागली असती ना, तर जगातली कुठलीच जादू याला जोडू शकली नसती.” तिनं पंख पाठीला लावला, आणि तो हळूहळू पुन्हा उजळायला लागला. निळा, मग हिरवा, मग मधासारखा. “माग आता. मला ठाऊक आहे तुला काय हवंय. रोज या झाडाला टेकून तेच तर म्हणत असतेस.”

‘माझ्या आईचा हात.’ शब्द सगूच्या जिभेवर आलेच होते. स्वतःसाठी नव्हते ते. हातांनी होण्यातलंही नव्हतं, हाडवैद्यांनी सगळं करून पाहिलं होतं. सगळे नियम पाळले जात होते. तिनं तोंड उघडलं.

आणि तिच्या डोळ्यांपुढं ते मुठीएवढं तोंड आलं. आई उद्याही असेल, परवाही असेल, डाव्या हातानं का होईना, तिच्या डोक्यावरून हात फिरवील. त्या बाळाचं काय?

“सारजाकाकूंच्या नातीच्या अंगात ऊब राहू दे,” सगू म्हणाली. “टिकणारी.”

आणि मग ती हुंदके देऊन रडायला लागली, कारण इच्छा एकच होती आणि ती आता संपली होती.

“आणि आईचा हात?” परीनं हळूच विचारलं.

“तूच म्हणालीस ना, एकच.”

 परीनं परत मिळालेला पंख जरासा झटकला. त्यातून सोनेरी धुळीचा एक तंतू निघाला आणि कुंपणावरून, शेजारच्या गोठ्यावरून, कुंभाराच्या घराकडं तरंगत गेला. “पंखाची घडी मोडायला थोडं ऊन लागेल,” ती म्हणाली. “उद्या संध्याकाळपर्यंत मी या सोनचाफ्यावर आहे.” आणि ती पानाआड गेली.

दिवे लागायच्या वेळी कुंभाराच्या घरून सांगावा आला. पोरीच्या तळव्यांना ऊब आली होती. पोटभर प्यायली होती आणि भोकाड पसरून सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं रडत होती. इतकं गोड रडणं त्या वाडीनं कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटलं आणि सगूनं पेटी उघडली. पिवळाधमक परकर काढला. या वेळी कात्री एकदाच उघडली. कर्रर्र! हिरव्या काठासकट एक चांगला मोठा तुकडा निघाला, आणि परकराला समोरच, अगदी दिसेल अशा जागी भगदाड पडलं. सगूनं तिकडं बघितलं नाही. तिनं तो तुकडा चौथ्या कोपऱ्यात ठेवला आणि सागरगोट्यावरचा दोरा सुईत ओवला.

“थांब,” आई म्हणाली. “आज संध्याकाळी बारसं. एकटीनं कसं व्हायचं तुझ्यानं? मला सुई धरवत न्हाई, पर खालनं हात तर लावता येतोय. कापड ताठ राहिलं की टाका झपाझपा पडतो.”

आई शेजारी बसली. तिनं आपला तो मिटेनासा झालेला हात गोधडीच्या खाली उताणा पसरला. सुई वरून सगूची, खाली तळवा आईचा. सुई खाली जायची, दोरा आईच्या बोटांना घासून वर यायचा. पुन्हा खाली, पुन्हा वर.

आता हा दोरा कुठला होता? इतके दिवस परीच्या पंखातून गेलेला, तिथंच राहिलेला, आणि आईनं तोडू नको म्हटलं म्हणून न तोडता जपून काढलेला. बकुळेच्या सागरगोट्यावर तो रात्रभर गुंडाळलेला होता. सकाळच्या उन्हात तो मधूनच चमकायचा, पण कामाच्या घाईत कुणाचं लक्ष होतं?

पहिला फेरा झाला. आई म्हणाली, “हाताला ऊन लागल्यागत वाटतंय.” पण ती तर सावलीत बसली होती.

आणखी फेरे झाले. सगूची सुई खाली गेली आणि परत वर आलीच नाही. तिनं ओढून पाहिली, येईना. तिनं गोधडीची कड उचलली. खाली आईनं सुई धरली होती. अंगठा आणि दोन बोटं. चिमूट वळली होती!

आई आपल्या हाताकडं बघत राहिली. तिनं चिमूट सोडली, पुन्हा वळवली. मग तिनं सगूला इतकं घट्ट जवळ घेतलं, की सुई दोघींनाही टोचली आणि दोघींनाही कळलं नाही. बकुळा टाळ्या पिटत अंगणभर नाचली. आप्पांनी आनंदानं पावा काढला आणि वाजवायला सुरुवात केली. शेवटचा सूर मात्र होता तिथंच होता. जादूलाही काही मर्यादा असतात.

आईच्या हातात सुई आल्यावर मग काय विचारता! सगूला जे करायला इतके दिवस लागले होते ते दिवस कलायच्या आत झालं. मुंग्यांची रांग गोल गोल फिरत आली आणि मधोमध विसावली. डाळिंबी, गुलाबी, जांभळी, आकाशी, आणि कोपऱ्यात हळदीसारखी पिवळी, अशी ती गोधडी बागेत पसरली तेव्हा फुलपाखरं येऊन तिच्यावर बसली.

“चला,” आप्पा म्हणाले, “उशीर झाला.”

सगू मात्र दाराआड उभी होती. अंगात परकर, समोर भगदाड, त्याच्यावर दोन्ही हात.

आईनं पाहिलं.  तिनं कात्री घेतली, आपल्या अंगावरच्या लुगड्याचा पदर पुढं ओढला आणि कर्रर्र, जांभळ्या काठाचा तुकडा कापला.

“आई! तुझं लुगडं!”

“आपलं कापायचं असतं,” आई म्हणाली, आणि गुडघे टेकून तिनं तो तुकडा सगूच्या परकरावर लावला. बऱ्या झालेल्या हातानं.

बारशाला सगळी वाडी लोटली होती. बायकांनी गाणी म्हटली, आत्यानं बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या. सारजाकाकूंनी नात गोधडीवर ठेवली आणि सगूचे दोन्ही हात धरून आपल्या गालांना लावले. 

तेव्हा मावळतीच्या उन्हात, पाळण्याच्या वर, सगूला ती दिसली. दोन पंखांची. एक नितळ, आणि एकावर मधोमध दुमडीची बारीकशी रेघ.

“ऊन दिलं, पण ही रेघ काही गेली नाही,” परी म्हणाली. तिचं बोलणं एकट्या सगूलाच ऐकू येत होतं. “आणि आता जायला नको आहे मला ती. कुणीतरी कापलं नाही, दुमडलं, हे लक्षात राहील माझ्या.”

“पण तू इच्छा एकच म्हणाली होतीस,” सगू कुजबुजली.

“एकच दिली. आईचा हात मी कुठं बरा केला? तो दोरा तुम्हीच जपलात, तुम्हीच परत ओवलात.” परी हसली, आणि तिनं पंख उघडले. निळे, हिरवे, मग सोनेरी, मग इतके सोनेरी की सगूला डोळे मिटून घ्यावे लागले. सगळ्या घरात सोनचाफ्याचा वास भरून राहिला. बाया म्हणाल्या, “ऊन कसं एकदम आत आलं बघा!” सगूनं डोळे उघडले तेव्हा तिथं ऊनच होतं. परी नव्हती.

बाळ जागं होतं. त्यानं आपली चिमुकली मूठ हलवली, चाचपली आणि हाताला लागलेला कोपरा घट्ट धरला. पिवळा. मग त्यानं एक जांभई दिली आणि झोपून गेलं.

गोष्ट मधोमध आली, आता गाठ मारू या आणि दोरा तोडू या. नाही, तोडायला नको. परत कामाला येतो.